पातळ पुस्तकांची मोजदाद

गडबडे हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. ग्रंथालयात शिपाई म्हणून लागला त्याच आठवड्यात त्याच्या हातून परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा जिन्यावरून खाली गेला आणि वरून ग्रंथपालबाई ओरडल्या, "अहो, काय ही गडबड!" बालविभागात तेव्हा पंधरा-वीस मुलं बसली होती. मुलांना एवढं पुरे असतं. दुपारपर्यंत तो गडबडेकाका झाला, महिन्याभरात संस्थेचे कार्यवाहसुद्धा त्याला गडबडे म्हणू लागले, आणि पुढची बावीस वर्षं पगाराची पावती सोडली तर त्याचं खरं नाव कुणी वापरलं नाही.

बाईंना मात्र कुणी टोपणनाव ठेवलं नाही. तेवढी छाती कुणाची नव्हती. बोलता बोलता समोरच्याच्या टेबलावरची तिरकी पेन्सिल सरळ करणाऱ्या बाई त्या. नवऱ्याने टॉवेलाची घडी घातली की त्या ती मोडून पुन्हा घालत. नवरा शहाणा, त्याने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी टॉवेलाला हात लावणं सोडून दिलं. गडबडेला ती सोय नव्हती. त्याला रोज पुस्तकं लावावी लागत आणि बाई रोज त्याच्या मागून जाऊन ती नीट करत. "अहो गडबडे, डोळे कुठे ठेवून आलात?" हे वाक्य तर बालविभागाच्या घंटेसारखं झालं होतं. बाई वाईट नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्याची बायको आजारी होती तेव्हा दोन महिने त्याची संध्याकाळची पाळी त्यांनी स्वतः केली आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण चांगलं वागायचं ते मुकाट्याने आणि बोलायचं ते टोचून, असा त्यांचा खाक्या होता.

मागच्या वर्षी ग्रंथालयाने पुस्तकांना टॅग लावायचं ठरवलं. टॅग म्हणजे काडेपेटीएवढा कागदाचा चौकोन, त्याच्या आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. त्याला सेल लागत नाही. रीडर नावाचं हातातलं यंत्र जवळ नेलं की रीडरच्याच लहरींवर तो जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. पुस्तक उघडायला नको, खोकं उघडायला नको, बाहेरून फिरवला की झालं. बाई या कल्पनेवर बेहद्द खूश झाल्या. बालविभागातली दोन हजार एकशे चाळीस पुस्तकं त्यांनी स्वतःकडे घेतली. बत्तीस पानी, चाळीस पानी, सगळी पातळ, आणि सगळी त्यांची लाडकी. मागच्या कव्हराच्या आत, कण्यापासून दोन बोटं, खालून तीन बोटं, पट्टी ठेवून, पेन्सिलीने खूण करून त्यांनी एकेक टॅग चिकटवला. पाच महिने लागले. कुठलंही पुस्तक उघडा, टॅग त्याच जागी.

मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी त्या चार दिवस रजेवर गेल्या, तेवढ्यात प्राण्यांच्या गोष्टींची दोन कपाटं गडबडेने उरकली. बाई परत आल्या, पाच-सहा पुस्तकं उघडून पाहिली, आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. एक टॅग वर, एक खाली, एक आडवा, एक पार कोपऱ्यात. "हे काय आहे? डोळे मिटून चिकटवलेत?" गडबडेने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण बाईंचं संपेपर्यंत ते पुन्हा मिटलं होतं. सगळे टॅग उपटून नव्याने लावायचा त्यांचा बेत होता, पण शिल्लक टॅग नव्हते. ती दोन कपाटं त्यांच्या मनात खुपत राहिली.

मग या वर्षी बालविभागाच्या छताचं प्लास्टर सुटायला लागलं. दुरुस्ती होईपर्यंत पुस्तकं हलवायचं ठरलं. बाईंनी ती तेवीस खोक्यांत भरली, सगळ्यांचे कणे एका बाजूला, कडा जुळवून. गडबडेने तीन दिवस हातगाडी ढकलत खोकी मागच्या इमारतीतल्या खोलीत नेली. तिथे बाईंनी खोक्यांवरून रीडर फिरवला. चारशे बारा पुस्तकं कमी.

बाईंना वाटलं, आपलंच काही चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवला, चारशे पाच. तिसऱ्यांदा चारशे अठरा. तोंडचं पाणी पळालं. पाचातलं एक पुस्तक नाही! कार्यवाहांनी खोक्यांवर सहीच्या कागदी पट्ट्या चिकटवून खोली बंद केली आणि बाईंकडे लेखी अहवाल मागितला.

अहवाल बाईंनी घरी जेवणाच्या टेबलावर लिहिला. पुस्तकं कुणाच्या हातातून गेली? गडबडेच्या. तीन दिवस हातगाडी कुणाकडे होती? गडबडेकडे. नोंद न करता मुलांना पुस्तक द्यायची सवय कुणाला? बाईंनी निदान दहा वेळा त्याला त्यावरून झापलं होतं. तेव्हा त्यांनी लिहिलं की, 'शिपायाच्या निष्काळजीपणामुळे अथवा अन्य कारणाने' पुस्तकं गहाळ झालेली दिसतात.

नवऱ्याने चष्मा लावून वाचलं. "हे 'अन्य कारणाने' कशाला?"

"अहवालात असं लिहितात."

"अगं, पण याचा अर्थ काय होतो, माहितेय ना? त्याची मुलगी अजून शाळेत आहे."

"मशीनने मोजलंय," बाई म्हणाल्या. "मी मनाचं काही लिहिलेलं नाही."

त्या अहवालावरून गडबडेला कामावरून काढायचं की नाही, हे ठरवायला शुक्रवारी चार वाजता समितीची बैठक लागली. बैठकीआधी रीडर ठीक चालतो की नाही याचा दाखला हवा म्हणून कंपनीने सकाळी एक मुलगी पाठवली. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप, वय बाईंच्या मुलीएवढं. बाई तिला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

मुलीने तिन्ही वेळचे आकडे पाहिले आणि भुवया चढवल्या. "मॅडम, पुस्तकं गेली असती तर आकडा एकच आला असता ना? दर वेळी वेगवेगळी पुस्तकं कशी चोरीला जातील?"

 इतकी साधी गोष्ट! ती आपल्या लक्षात आली नाही याचा बाईंना राग आला, आणि राग आला की त्यांना दुसरं काही सुचत नसे.

"थांबा, आधी टॅगांच्या टकरी बघू," मुलगी खोक्यावरच बैठक मारत म्हणाली. "वर्गात तुम्ही विचारलं, कोण कोण हजर आहे, आणि नव्वद मुलं एकदम ओरडली, तर काय कळणार? टॅगचं तसंच असतं. रीडरने हाक मारली की सगळे एकदम उत्तर देणार. म्हणून रीडर सांगतो, प्रत्येकाने मनात एक आकडा धरा. मग तो एक, दोन, तीन म्हणत जातो, ज्याचा आकडा येईल तो बोलतो. दोघांनी एकच आकडा धरला तर झाली टक्कर, दोघांचंही ऐकू येत नाही. मग जे राहिले त्यांना पुन्हा आकडा धरायला लावतो. असं करत करत सगळ्यांचं बोलून होतं."

"मग माझ्या पुस्तकांचं का झालं नाही?"

"कारण या रीडरला आमच्याच माणसाने सोळाच आकडे देऊन ठेवलेत. सोळा आकडे आणि खोक्यात नव्वद टॅग! टकरीवर टकरी. त्यात तुम्ही पुढे सरकलात की बाकीचे राहिले."

तिने आकडे वाढवून दोनशे छप्पन केले आणि एकेका खोक्यापाशी मनात तीसपर्यंत मोजत उभं राहायला सांगितलं. बाई उभ्या राहिल्या. तेवीस खोकी झाली तेव्हा चारशे बाराचे दोनशे सत्त्याण्णव उरले होते. म्हणजे एकशे पंधरा पुस्तकं, जी हरवली असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं, ती याच खोलीत होती. 

"उरलेली?"

"उरलेल्यांची टक्कर नाही. टक्कर झाली तर रीडरला निदान कलकलाट ऐकू येतो. इथे कुणी बोलतच नाहीये." मुलीने पडद्यावर खोक्यांची यादी उघडली. "गंमत बघा. सगळ्या खोक्यांत दहा-पंधरा कमी आहेत, पण एकोणीस आणि वीस पूर्ण. चौऱ्याण्णवपैकी चौऱ्याण्णव, एक्याण्णवपैकी एक्याण्णव. यांना वेगळं काय केलंत?"

एकोणीस आणि वीस. प्राण्यांच्या गोष्टी.

 बाईंनी सात नंबरचं खोकं पुढे ओढलं आणि त्यावरची कार्यवाहांच्या सहीची पट्टी टर्रकन फाडली. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या सहीला धक्का लावला नव्हता. पुस्तकं बाहेर काढून त्यांनी हाताने मोजली. ओठ हलत होते. त्र्याण्णव. यादीतही त्र्याण्णव. रीडर म्हणत होता अठ्ठ्याहत्तर.

मुलीने न बोलणाऱ्यांपैकी एक पुस्तक उचललं, नुसतं रीडरसमोर धरलं. टिक् असा आवाज आला. त्याच्या शेजारचं धरलं, टिक्. दोन्ही एकावर एक ठेवून धरली. काही नाही. मग वरचं पुस्तक तिने तीन-चार बोटं बाजूला सरकवलं. टिक्, टिक्.

"मला द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरी जोडी घेतली. जुळवली की गप्प, सरकवली की बोलली. तिसरी घेतली. चौथी घेतली. मुलगी थांबून राहिली.

"तारेची दोन वेटोळी बरोब्बर एकमेकांवर आलीत," ती शेवटी म्हणाली. "जाड पुस्तक असतं तर मध्ये अंतर राहिलं असतं. यातल्या सगळ्यात पातळ पुस्तकांचे मात्र चिकटूनच बसलेत, एकमेकांची ताकद खातात. बोलायला जोरच उरत नाही त्यांच्यात." मग तिने एक कव्हर उघडून टॅग पाहिला, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. "पण खरं सांगू का मॅडम, इतके नीट लावलेले टॅग मी कुठल्याच ग्रंथालयात पाहिले नाहीत."

बिचारीने मनापासून कौतुक केलं होतं. बाईंना ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"टॅगबरोबर सूचनांचा कागद दिला होता ना आम्ही? पातळ पुस्तकांत टॅगची जागा बदलत राहा, असं होतं त्यात."

होतं. बाईंनी ती ओळ वाचली होती. ही कामचुकारांची सोय आहे, असं मनाशी म्हणून त्यांनी तो कागद खणात टाकला होता.

उरलेली वीस खोकीही दोघींनी हाताने मोजली, सगळी पुस्तकं होती, तोवर पावणेदोन वाजले होते. बाई जवळजवळ धावतच कार्यवाहांच्या खोलीत गेल्या. धापा टाकत त्यांनी सांगितलं की पुस्तकं गेलेली नाहीत, बैठकच नको.

"अहो, बसा आधी," कार्यवाह म्हणाले. "गेलेली नाहीत कशी? गडबडेने तर कालच लिहून दिलंय. पुस्तकं माझ्या हातून हरवली, मी राजीनामा देतो म्हणून. सरळ माणूस, वाद नाही घातला." त्यांनी फाइलमधला कागद पुढे केला. ओळी चढत गेल्या होत्या, अक्षर गिचमिड, पण सही स्वच्छ होती.

गडबडे जिन्याखालच्या त्याच्या खोलीवजा कोपऱ्यात होता. किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होता, म्हणजे नव्या माणसाची पंचाईत व्हायला नको. बाईंना पाहून उठून उभा राहिला.

"बसा हो," बाई म्हणाल्या आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसल्या. तिथे त्या याआधी कधी बसल्या नव्हत्या. "तुम्ही पुस्तकं नेली होतीत का?"

"नाही."

"हरवली होती?"

"तसं आठवत नाही."

"मग लिहून का दिलंत?"

त्याने हातातली किल्ली खाली ठेवली. "बाई, मी घर उलटंपालटं केलं. पोरीचं दप्तर, पलंगाखालची पेटी, सगळं. म्हटलं, कधी पिशवीतून घरी आली असतील, आपल्याला समजलं नसेल. बायको म्हणाली, तुम्ही नेलीच नाहीत तर सापडतील कशी? पण मशीन म्हणतंय, तुम्ही म्हणताय. बावीस वर्षं तुम्ही मला सांगताय की माझं लक्ष नसतं. मग मलाही वाटलं, असेल. हातगाडीवरून काय पडलं असेल, कुणाला काय दिलं असेल. दोन-तीन पुस्तकं पडताना तर मला आठवायलासुद्धा लागली."

  न पडलेली पुस्तकं या माणसाला आठवू लागली, आणि ती त्याच्या डोक्यात कुणी घातली हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"पुस्तकं सगळी आहेत," त्या म्हणाल्या. "एकूण एक. माझे टॅग एकमेकांवर आले म्हणून मोजली गेली नाहीत. तुमची दोन खोकी तेवढी पूर्ण मोजली गेली."

गडबडेने ते ऐकलं, पण लगेच त्याचा विश्वास बसला नसावा.  "माझी?"

"तुम्ही तसे का लावले होतेत? वर-खाली?"

"कागदावर लिहिलं होतं म्हणून. तुमच्या खणात होता, रजेच्या वेळी किल्ली माझ्याकडे होती ना. दोनदा वाचून लावले होते." तो ओशाळल्यासारखा हसला. "तुम्ही चिडलात तेव्हा म्हटलं, आपल्याला नीट वाचता आलं नसेल."

चार वाजता बैठक भरली. पाच जण, एक लांब टेबल, पाण्याचे पाच पेले. कंपनीच्या मुलीने दोन पुस्तकं जुळवून आणि सरकवून दाखवली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. गडबडे दाराशी उभा होता. कार्यवाहांचा जीव भांड्यात पडला. "चला, म्हणजे कुणाचीच चूक नाही," ते म्हणाले. "यंत्रातल्या तांत्रिक अडचणीमुळे मोजदाद चुकली, एवढं लिहू, राजीनामा परत करू आणि विषय मिटवू. बाईंचेही आठ महिने राहिलेत निवृत्तीला, उगाच कशाला फाइलमध्ये काही?"

बाईंनी क्षणभर, खोटं कशाला बोला, विचार केला. त्याची नोकरी वाचत होती, त्यांचं नाव वाचत होतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग त्यांची नजर दाराकडे गेली. सुटल्याच्या आनंदात गडबडे 'तांत्रिक अडचण' या शब्दांना मान हलवून होकार देत होता. याने घरी जाऊन काय सांगायचं? यंत्र बिघडलं होतं म्हणून वाचलो?

"नाही," बाई म्हणाल्या. "असं लिहायचं नाही. यंत्राचं जे चुकलं ते कंपनीने लिहून द्यावं. माझं मी लिहिते."

त्यांनी कोरा कागद ओढला आणि सगळ्यांसमोर लिहायला घेतलं. एरवी त्यांचं अक्षर छापल्यासारखं यायचं, आज दोन ठिकाणी खाडाखोड झाली. लिहून झाल्यावर त्यांनी उभं राहून वाचलं. सुरुवातीला गडबडेचं नाव होतं. खरं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. दोघा-तिघांना हे कोण, ते कळायला वेळ लागला. पुढे होतं की, यांनी सूचनापत्रक वाचून टॅग लावले आणि ते बरोबर लावले. मी सूचना वाचूनही पाळली नाही. त्यामुळे मोजदाद चुकली, आणि ती चुकल्याचा दोष मी यांच्यावर टाकला. माझा आधीचा अहवाल, विशेषतः त्यातले 'अन्य कारणाने' हे शब्द, मी मागे घेते. पुस्तक एकही हरवलेलं नाही.

 मग दारातून आवाज आला.

"बाई, याची एक झेरॉक्स मिळेल का?" त्याने घसा खाकरला. "घरी दाखवायची होती. पोरीला."

बावीस वर्षांत त्याने त्यांच्याकडे काही मागितल्याचं बाईंना आठवेना. त्या टेबलाला वळसा घालून दाराशी गेल्या. कार्यवाह मागून म्हणत होते की, मूळ प्रत फाइलला लागते, आणि हा नियम बाईंनीच सगळ्यांना पाठ करायला लावला होता.

बाईंनी मूळ कागद त्याच्या हातात दिला आणि कार्यवाहांना म्हणाल्या, "फाइलला झेरॉक्स लावा."